तिकीट काढून हसणारे

दुसऱ्याच्या व्यंगाला वा रंगरूपाला हसणारी माणसे म्हटली की नाक्यावरची टवाळ पोरे आपल्या डोळ्यांपुढे येतात. इतिहास मात्र याहून प्रतिष्ठित मंडळींची नावे सांगतो.

१८१० साली दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीतून सारा बार्टमन नावाच्या खोईखोई जमातीच्या तरुणीला लंडनला नेण्यात आले. तिच्या शरीराची ठेवण युरोपीय स्त्रियांहून निराळी होती, एवढाच तिचा अपराध! पिकॅडिली रस्त्यावरील एका दालनात तिला उभे करून दोन शिलिंगांचे तिकीट लावण्यात आले. ही रक्कम मजुराला सहज परवडणारी नव्हती. येणारे लोक सुखवस्तू होते. एकाने तिला चिमटा काढला, एका गृहस्थाने काठीने टोचले, तर एका बाईने छत्रीच्या टोकाने ढोसून पाहिले. जॉन केंबल हा त्या काळचा नामवंत नट. हवे तर हात लावून पाहा, असे तेथल्या माणसाने सुचवताच तो कळवळून नाही म्हणाला. असे थोडेच निघाले. व्यंगचित्रकारांनी तर तिची चित्रे छापून पैसे केले.

इंग्लंडने गुलामांचा व्यापार १८०७ सालीच कायद्याने बंद केला होता. म्हणून काही सज्जनांनी न्यायालयात धाव घेतली. आपण स्वखुशीने आलो व नफ्यात आपला निम्मा वाटा आहे, असे तिने सांगितल्याची नोंद झाली आणि प्रकरण निकालात निघाले. परक्या मुलखात मालकाच्या अन्नावर जगणाऱ्या बाईची ती स्वखुशी!

१८१४ मध्ये ती पॅरिसला जनावरांचे खेळ करणाऱ्या एका माणसाच्या हाती पडली. तिच्यावर तेथे एक प्रहसनही रंगले. पुढे जॉर्ज क्युव्हिए या जगद्विख्यात शास्त्रज्ञाने तिची तपासणी केली, आणि १८१५ च्या अखेरीस ती वारल्यावर शवविच्छेदनही. आपल्या निबंधात त्याने तिची तुलना वानरांशी केली. विद्यार्थी मित्रहो, टवाळाचे शब्द हवेत विरतात. हे शब्द विद्वानांच्या ग्रंथांत शिरले. गंमत अशी की, तिची स्मरणशक्ती उत्तम होती, ती डच बऱ्यापैकी बोले व थोडी इंग्रजीही शिकली होती, हेही त्यानेच त्याच निबंधात नमूद केले आहे.

तिचा सांगाडा पॅरिसच्या संग्रहालयात १९७० नंतरच्या दशकापर्यंत प्रेक्षकांपुढे होता. १९९४ मध्ये नेल्सन मंडेलांनी तो परत मागितला. त्यासाठी फ्रान्सला २००२ साली खास कायदा करावा लागला. ९ ऑगस्ट २००२ रोजी हँकी या गावी तिचे दफन झाले. सारा हे डचांच्या चालीचे नाव. तिच्या आईबापांनी ठेवलेले नाव कोणत्याच दप्तरात सापडत नाही.