दार उघडं हवं आणि पानही शाबूत हवं

एखाद्या पुस्तकावर बंदी आली की वर्तमानपत्रांना वैचारिक स्वातंत्र्य आठवतं. लेखकाचा हक्क, प्रकाशकाचा हक्क, न्यायालयाचा निकाल यावर चर्चा झडते. पण वाचकाचं काय? ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षरच नाकारलं गेलं, त्याच्यासाठी हे स्वातंत्र्य ग्रंथालयाच्या दारापासून सुरू होतं. आत गेल्यावर दुसरा प्रश्न येतो: आमचं पुस्तक तिथल्या कपाटात आहे का, आणि असेल तर पूर्ण आहे का? दार आणि पान हे दोन्ही लढे आंबेडकरी चळवळीने एकत्र लढले आहेत. हा इतिहास तरुण कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतला पाहिजे, असं आम्हाला वाटतं.

सुरुवात आपल्या शेजारच्या कल्याणपासून करू. तिथलं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. त्या काळात महाराष्ट्रात अशी अनेक वाचनालये वर्गणीवर उभी राहिली. नावात 'सार्वजनिक' होतं, पण ही सार्वजनिकता कोणाची? त्याआधी आठच वर्षे, १८५६ मध्ये, याच मुंबई इलाख्यातल्या धारवाडला एका महार मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारला गेला होता. ज्याला शाळेत बसता येत नाही, तो वाचनालयाची वर्गणी कशी भरणार? दारावर पाटी लावायची गरजच नव्हती. जातीने ते काम आधीच करून ठेवलं होतं.

पुढे बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, म्हणून ते फारसी शिकले. तेच बाबासाहेब न्यूयॉर्क आणि लंडनच्या ग्रंथालयांत तासन् तास बसले. तिथे कोणी त्यांची जात विचारली नाही. म्हणून २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांच्या बरोबरीने वाचनालये आणि अभ्यासवर्ग होते, हा योगायोग नाही. पाण्याचा सत्याग्रह १९२७ चा. वाचनालयाची मागणी त्याच्याही आधीची आहे.

हाच प्रश्न अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांसमोरही होता. तिथल्या ग्रंथालय संघटनेने, अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने, १९३९ मध्ये ग्रंथालयांच्या हक्कांची सनद मंजूर केली. पुस्तक निवडताना लेखकाचा वंश किंवा मत पाहू नये, असं तिचं म्हणणं. उत्तम! पण दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय वाचकाला गोऱ्यांच्या ग्रंथालयात पाऊल ठेवता येत नव्हतं. वंशामुळे वाचकाला ग्रंथालय नाकारू नये, हे कलम त्या सनदेत यायला १९६१ साल उजाडलं. त्याच वर्षी मार्चमध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांच्या ग्रंथालयात जाऊन पुस्तक वाचत बसले आणि त्यांना अटक झाली.

कलम आलं तरी वागणूक बदलली नव्हती. तेव्हा ई. जे. जोसी नावाचा ग्रंथपाल उभा राहिला. सव्हाना स्टेट कॉलेजच्या ग्रंथालयाचा हा कृष्णवर्णीय प्रमुख. १९६४ च्या सेंट लुईस अधिवेशनात त्याने ठराव मांडला: ज्या राज्य संघटना कृष्णवर्णीय ग्रंथपालांना सभासद करून घेत नाहीत, त्यांच्या बैठकांना राष्ट्रीय संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी जाऊ नये. ठराव मंजूर झाला. पुढे १९८४ मध्ये तोच जोसी त्या राष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष झाला. स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्या स्वतःच्याच संघटनेला त्याने विचारलं, तुमच्या स्वातंत्र्यात आम्ही आहोत की नाही?

आपल्याकडे असं काम करणारा माणूस पदाने ग्रंथपाल नव्हता. नागपूरच्या वस्तीत वाढलेले, महसूल खात्यात नोकरी केलेले वसंत मून हे ते नाव. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते वर्षानुवर्षे पेट्यांत पडून होती. चळवळीने पाठपुरावा केला, महाराष्ट्र शासनाने प्रकाशन समिती नेमली आणि १९७९ मध्ये पहिला इंग्रजी खंड निघाला. संपादक मून. कागद जमवायचे, लावायचे, पाठ तपासायचा, छापून घ्यायचं आणि वाचकाच्या हाती द्यायचं. चांगला ग्रंथपाल याहून वेगळं काय करतो?

१९८७ मध्ये चौथा खंड आला, 'रिडल्स इन हिंदुइझम'. त्यातल्या राम आणि कृष्णावरील परिशिष्टावरून वादळ उठलं. शिवसेना आणि मराठा महासंघ विरोधात उतरले. जानेवारी १९८८ मध्ये अमरावतीत खंडाच्या प्रती जाळल्या गेल्या. शासनाने ते परिशिष्ट मागे घेण्याचा पवित्रा घेतला. म्हणजे संविधान लिहिणाऱ्या माणसाचं लेखन शासनच कात्रीने कापायला निघालं होतं. ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत लाखोंचा मोर्चा निघाला. गटातटांत विभागलेली चळवळ त्या दिवशी एक झाली. त्या मोर्चात चालणाऱ्या किती जणांनी तो इंग्रजी खंड वाचला असेल? बहुतेकांनी नसेलच. पण आपल्या बापाचं एक पानही कोणाला फाडू देणार नाही, एवढं त्यांना पक्कं कळत होतं. अखेर तोडगा निघाला. परिशिष्ट राहिलं आणि त्यातल्या मतांशी शासन सहमत नाही, अशी टीप आली. ती टीप आजही तिथे आहे. तिच्याखाली बाबासाहेबही आहेत, पूर्ण.

इथे एक आक्षेप हमखास येतो: "तुम्हीही मनुस्मृती जाळलीत की!" हो, २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली. तो ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण सहकाऱ्याने मांडला होता. पण फरक समजून घ्या. महाडला कोणी सरकारकडे मनुस्मृतीवर बंदी मागितली नाही, कोणाच्या ग्रंथालयातून ती काढायला लावली नाही. बाबासाहेबांनी त्या दहनाची तुलना विदेशी कापडाच्या होळीशी केली होती. तो गुलामीच्या कायद्याचा जाहीर निषेध होता. स्वतः बाबासाहेबांनी मनुस्मृतीचा कसून अभ्यास केला आणि आपल्या ग्रंथांत तिची चिरफाड केली. १९८८ मध्ये विरोधकांना मात्र शासनाच्या हाताने पान गायब करायचं होतं. निषेध करणं वेगळं आणि दुसऱ्याला वाचूच न देणं वेगळं.

हे तत्त्व आपल्याला गैरसोयीचं असतानाही पाळावं लागतं. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातल्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकातल्या मजकुराचा राग तिथल्या पोथ्या-पुस्तकांवर निघाला. त्या मजकुराबद्दल बहुजन समाजात संताप होता, त्याची कारणंही होती. पण ग्रंथालय फोडून कोणाचा इतिहास दुरुस्त होतो? पुढे शासनाने पुस्तकावर बंदी घातली. त्या बंदीविरुद्ध न्यायालयात कोण गेलं? ॲड. संघराज रूपवते, आनंद पटवर्धन आणि कुंदा प्रमिला नीळकंठ. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. आंबेडकरी घरातलं एक नाव त्या खटल्याच्या शीर्षकात कायमचं कोरलं गेलं आहे. 'रिडल्स'साठी जे मागितलं, तेच दुसऱ्याच्या पुस्तकासाठीही मागायचं, यालाच तत्त्व म्हणतात.

आता आपल्या गावांकडे या. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे. त्याची रचना बघा. शासन गावोगावी, वस्तीवस्तीत स्वतः ग्रंथालय चालवत नाही. संस्थांनी चालवलेल्या मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान देतं. म्हणजे ज्यांच्याकडे आधीच नोंदणीकृत संस्था आहे, जागा आहे, वर्गणीदार आहेत, त्यांना अनुदान मिळतं. ज्या वस्तीकडे पायाखालच्या जमिनीचा कागदही नाही, ती मान्यता कशी मिळवणार? कायद्यात जातीचा उल्लेख कुठेच नाही. पण निकाल जुनाच लागतो.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वस्त्यांत काम करताना आम्ही हे रोज बघतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं दहा बाय दहाच्या खोलीतून बाहेर पडून विहाराच्या ओट्यावर बसतात. मुलींना तर संध्याकाळनंतर तीही सोय नसते. आणि तरीही दरवर्षी ६ डिसेंबरला हीच माणसं लोकल पकडून दादरला जातात आणि शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून पिशवी भरून पुस्तकं आणतात. समाजाला वाचायची भूक आहे, जागा नाही.

म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे. प्रत्येक विहारात वाचनालय हवं. ते कपाटाला कुलूप लावून जयंतीला उघडायचं नको, रोज ठरल्या वेळी उघडं हवं. किल्ली एका पदाधिकाऱ्याच्या खिशात नको. मुलींसाठी वेळ आणि सुरक्षितता हवी. नगरपालिका आणि महापालिकेकडे अभ्यासिका आणि ग्रंथालयासाठी जागा आणि अंदाजपत्रकात तरतूद मागा. ती भीक नाही, आपल्याच कराचा पैसा आहे.

आणि कपाटात काय ठेवायचं? बाबासाहेबांचे खंड, फुले, बुद्ध आणि त्याचा धम्म तर हवेतच. पण विरोधी विचारांची पुस्तकंही हवीत, कारण न वाचता खोडता येत नाही. फाळणीनंतर छावणीत आलेल्या कुटुंबांनी उल्हासनगर वसवलं. तिथल्या म्हाताऱ्या सिंधी वाचकासाठी अरबी लिपीतली चार पुस्तकंही ठेवा. ज्याला दारात अडवलं गेलं, त्याने दुसऱ्या कोणाला दारात अडवू नये. आपण बांधलेलं ग्रंथालय इतरांच्या ग्रंथालयाहून वेगळं असेल, तर ते याच कारणाने असेल.

जय भीम!