दोन कार्बोरेटर, एक कारखाना

मोटारसायकल जागच्या जागी उभी असताना तिचे इंजिन मंद आणि एकसारखे चालत राहणे, याला गॅरेजात 'आयडलिंग' म्हणतात. गाडी पळवून दाखवणे सोपे. तिला उभ्या जागी शांत चालती ठेवणे अवघड. हा मेकॅनिकचा प्रश्न, त्याचे व्याख्यानमालेत काय काम, असे कित्येकांना वाटेल. आम्ही इंजिनियर नव्हे. शाळा सातवीला सुटली. पुढे जे शिकलो ते कारखान्यात, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. परंतु कामगार चळवळीत तीस वर्षे काढल्यावर आम्हांस एक खोड जडली आहे. यंत्र बिघडले म्हणजे तो बिघाड कोणाच्या माथी मारला जातो, ते आम्ही आधी पाहतो. इंग्लंडातल्या ट्रायम्फ मोटारसायकलीच्या दोन कार्बोरेटरांची हकीकत आम्ही वाचू लागलो, ती या खोडीपायीच.

ट्रायम्फचा कारखाना कॉव्हेंट्री शहरात होता. १९३७ साली एडवर्ड टर्नर याने तेथे 'स्पीड ट्विन' नावाची ५०० सी.सी.ची गाडी काढली. दोन सिलिंडर शेजारी शेजारी. दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर जात आणि एकाच वेळी खाली येत. ठिणगी मात्र आळीपाळीने, एका फेऱ्याला एका सिलिंडरात, पुढच्या फेऱ्याला दुसऱ्यात. श्वास घेण्याची पाळी दोघांची ठराविक अंतराने येई, त्यामुळे एकच कार्बोरेटर दोघांना सारखे वाढी. वाढणारा हात एक असला म्हणजे पंक्तिप्रपंच होत नाही, तशातलाच हा प्रकार. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीवर बाँब टाकले, त्यात हा कारखाना नष्ट झाला आणि १९४२ साली जवळच मेरिडेन येथे नवा उभा राहिला. १९५१ साली तो बी.एस.ए. कंपनीच्या मालकीचा झाला.

कार्बोरेटर असे तो अमल कंपनीचा. अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स हे तीन व्यवसाय १९२७ साली एकत्र येऊन ही कंपनी झाली होती. तिच्या कार्बोरेटरची रचना एकदा ध्यानात घेतली की पुढचा सारा तंटा समजतो. हँडलची मूठ पिळली म्हणजे आतली स्लाइड वर उचलली जाते, हवेची वाट रुंदावते, स्लाइडला लावलेली निमुळती सुईही वर येते आणि पेट्रोल अधिक मिळते. मूठ सोडली की स्लाइड जवळजवळ तळाला टेकते. मग इंजिनचा गुजारा 'पायलट जेट' नावाच्या एका बारीक छिद्रावर. त्या छिद्राच्या पेट्रोलात हवा किती मिसळावी हे बाजूचा एक छोटा स्क्रू ठरवतो. तो आत पिळला की हवा कमी आणि मिश्रण घट्ट. म्हणजे ताशी शंभर मैल धावणारी गाडी सिग्नलपाशी उभी राहिली की तिचे प्राण सुईच्या अग्राएवढ्या छिद्रात. कचऱ्याचा एक कण पुरे.

युद्धानंतर ब्रिटनला डॉलर हवे होते आणि मोटारसायकली अमेरिकेत खपत होत्या. तिथल्या गिऱ्हाइकाला वेग पाहिजे. १९५६ च्या सप्टेंबरात जॉनी ॲलन याने युटा संस्थानातील बॉनव्हिलच्या मिठाच्या पठारावर ट्रायम्फचे ६५० सी.सी.चे इंजिन बसवलेले वाहन ताशी २१४ मैलांनी पळवले. आंतरराष्ट्रीय मंडळाने तो विक्रम मान्य केला नाही, पण जाहिरात व्हायची ती झाली. १९५९ सालच्या गाड्यांत 'बॉनव्हिल' आली. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्बोरेटर हे तिचे वैशिष्ट्य. पहिल्या वर्षी दोन्ही कार्बोरेटरांच्या फ्लोटच्या वाट्या काढून टाकून मध्ये एकच सामाईक वाटी टांगली होती. गाडीने वेग घेतला किंवा ब्रेक लावला की वाटीतले पेट्रोल हेलकावे खाई आणि दोघांचाही पुरवठा बिघडे. दोनतीन वर्षांत ती व्यवस्था गेली व प्रत्येकाला आपली वाटी मिळाली. पुढे दोन्ही वाटांना जोडणारी एक आडवी नळीही टाकली गेली. उभ्या गाडीची धडधड बेताल होते, याची कबुलीच ती! हेच इंजिन एका कार्बोरेटरवर चालवणारी 'ट्रॉफी' ट्रायम्फ त्याच काळात विकत होती. वरच्या वेगात ती थोडी मागे पडे. शहराच्या रस्त्यावर मात्र ती गुणी, आणि ज्याला गाडी रोज वापरायची त्याने तीच घ्यावी, असे आमचेही मत आहे.

आता दोन कार्बोरेटरांची बॉनव्हिल गॅरेजात येते तेव्हा काय होते ते पाहा. तक्रारी ठरलेल्या. सिग्नलला बंद पडते. मूठ सोडली तरी रेस खाली येत नाही. एक सायलेन्सर तापतो, दुसरा गारच. मालकाचे निदानही ठरलेले असते, कार्बोरेटर खराब. घाईचा मेकॅनिक लगेच चारही स्क्रू फिरवतो आणि मूळ खूण हरवून बसतो. जाणता मेकॅनिक कार्बोरेटरला शेवटी हात लावतो. तो आधी प्लग काढून त्यांचा रंग पाहतो. काळा काजळलेला असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर हवा जास्त. मग व्हॉल्व्हची फट, मग पॉइंट. रेस वर गेल्यावर ठिणगी लवकर पाडणारी जी वजने असतात त्यांच्या स्प्रिंगा सैल झाल्या, तर इंजिन मंद चालायचे नावच घेत नाही, आणि शिव्या मात्र कार्बोरेटर खातो. त्यानंतर गाडी 'एअर घेते' काय हे पाहायचे. कार्बोरेटर ज्या दोन नटांनी बसवतात ते कोणी जोर लावून आवळले म्हणजे मऊ धातूची पट्टी मधून वाकते आणि फटीतून हवा शिरते. चालत्या इंजिनच्या त्या जोडावर तेलाचे दोन थेंब सोडावेत. आवाज बदलला की चोर सापडला.

एवढे झाल्यावर दोघांचा मेळ. दोन्ही हवेचे स्क्रू अलगद पूर्ण आत नेऊन सुमारे दीड फेरा बाहेर घ्यायचे. मूठ अगदी हळू पिळताना दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलतात की नाही, हे बोटाने चाचपून पाहायचे आणि केबल त्याप्रमाणे कमीजास्त करायची. मग एका प्लगची वायर काढून इंजिन एकाच सिलिंडरवर मंद चालते ठेवायचे, तसेच दुसऱ्यावर. शेवटी दोन्ही वायरी जोडल्या की इंजिन भरभर पळू लागते, कारण जे ओझे एकटा वाहत होता ते आता दोघे वाहतात. तेव्हा दोन्ही स्लाइडचे टेकू सारखेच उतरवायचे, एकाचा पाव फेरा तर दुसऱ्याचाही पावच. आम्ही वेतनकरारासाठी जितक्या वेळा टेबलाशी बसलो, त्यांतल्या फारच थोड्या वेळी असा चोख हिशोब पाहिला.

तथापि एवढे करूनही १९६३ ते १९६७ च्या कित्येक गाड्या ताळ्यावर येत नसत, आणि त्याचे कारण आम्हांस फार बोलके वाटते. या गाड्यांत लुकास कंपनीची जी पॉइंटची प्लेट होती, तीवर दोन सिलिंडरांचे टायमिंग वेगवेगळे लावण्याची सोयच नव्हती. एकाचे नीट लावावे तर दुसऱ्याचे पॉइंटची फट बिघडवून जुळवावे लागे. १९६८ साली नवी प्लेट आली, तीत ही सोय झाली. तोवर पाच वर्षे मेकॅनिक कार्बोरेटरशी झटत राहिले आणि गिऱ्हाईक मेकॅनिकला दोष देत राहिले. दोष आरेखनाच्या टेबलावरचा होता. अमलने १९६७ साली 'कॉन्सेन्ट्रिक' नावाचा नवा कार्बोरेटर काढला, त्यातही तीच तऱ्हा. आधीच्या 'मोनोब्लॉक'मधला पायलट जेट पिळून बाहेर काढता येई, धुता येई. नव्यात थोड्याच काळाने तो आत ठोकून कायमचा बसवला गेला. बुजला तर ०.०१६ इंचाची ड्रिल हवेच्या स्क्रूच्या भोकातून आत घालून, न दिसणारे छिद्र हाताच्या अंदाजाने मोकळे करायचे. स्लाइड आणि भोवतालचे घर एकाच जातीच्या जस्ती मिश्रधातूचे, म्हणून दोन्ही एकमेकांना झिजवीत, आणि झिजेतून शिरणारी हवा कोणताही स्क्रू आवरू शकत नसे.

१९७३ साली बी.एस.ए. कोसळली. सरकारी साहाय्याने नॉर्टन व्हिलियर्स ट्रायम्फ ही नवी कंपनी झाली आणि तिने त्याच सप्टेंबरात मेरिडेन बंद करण्याचे जाहीर केले. सतराशेंवर कामगार होते. त्यांनी कारखान्याचा ताबा घेतला व माल बाहेर जाऊ दिला नाही. मेरिडेनची युनियन धुतल्या तांदळासारखी होती असे आम्ही म्हणणार नाही. तिथे कामबंदी वारंवार होई आणि मजुरीचा दरही चढा होता. पण पॉइंटची ती प्लेट काही युनियनने पसंत केली नव्हती. उद्योगमंत्री टोनी बेन यांच्या पाठिंब्याने सुमारे पन्नास लाख पौंडांचे सरकारी साहाय्य मिळाले आणि मार्च १९७५ मध्ये कामगारांची सहकारी संस्था कारखाना चालवू लागली. आरंभी सर्वांना आठवड्याला सारखेच ५० पौंड. हा नियम पुढे टिकला नाही. कुशल माणूस आणि अनुभवी व्यवस्थापक त्या पगारात मिळेना, हे कटू असले तरी नोंदले पाहिजे.

त्यांची गाडी जुन्याच बांधणीची, ७५० सी.सी.ची बॉनव्हिल. अमेरिकेने १९७८ सालापासून मोटारसायकलींच्या धुरावर निर्बंध घातले, तेव्हा या भांडवल नसलेल्या कारखान्याने तिच्यावर अमलचा 'मार्क दोन' कार्बोरेटर बसवला. जुन्या कार्बोरेटरला थंड इंजिन सुरू करण्यासाठी बटण दाबून पेट्रोल बोटांवर सांडेपर्यंत थांबावे लागे. नव्यात त्यासाठी स्वतंत्र सोय होती, आणि जोड रबराचा असल्यामुळे वाकणारी पट्टीही गेली. जपानी गाड्या तोवर बटण दाबून सुरू होत होत्या. ऑगस्ट १९८३ मध्ये मेरिडेनची संस्था दिवाळखोरीत निघाली. पुढल्या वर्षी इमारती पाडल्या. ट्रायम्फचे नाव जॉन ब्लूर यांनी विकत घेतले आणि १९९० नंतर हिंक्ली येथे नव्याने उत्पादन सुरू झाले. २०२३ पासून ट्रायम्फच्या ४०० सी.सी.च्या एक सिलिंडरी गाड्या आपल्या चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होऊ लागल्या. त्यांना कार्बोरेटरच नाही.

आपल्याकडे ही विद्या वेगळ्या वाटेने आली. ज्या १९८३ साली मेरिडेन बंद पडले त्याच साली 'राजदूत ३५०' बाजारात आली. जपानी यामाहाचे टू-स्ट्रोक इंजिन, दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर, आणि तक्रार तीच, उभी राहिली की एका बाजूने मिस मारते. ती गाडी फार काळ विकली गेली नाही; पण दोन स्लाइडचा मेळ बोटाने चाचपून लावणारे मेकॅनिक गावोगावच्या गॅरेजांत तयार झाले ते तिच्यावर. त्यांपैकी बहुतेकांनी इंग्रजी मॅन्युअल कधी उघडलेही नसेल.

अमलचे कार्बोरेटर आजही इंग्लंडात बनतात, जुन्या गाड्यांसाठी. कॉन्सेन्ट्रिकची जी नवी आवृत्ती या शतकात निघाली, तिची स्लाइड कडक मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची आहे, लवकर झिजत नाही. आणि पायलट जेट पुन्हा पिळून बाहेर काढता येतो.