फोर्टमधला ओला रस्ता



हमद पोर्टवर क्रेनच्या केबिनमधून खाली पाहणाऱ्याला धक्क्यावरची माणसं कशी दिसत असतील? चेहरा नाही, नुसता हेल्मेटचा रंग आणि चाल. १८९७ मध्ये कामीय पिसारो पॅरिसच्या एका हॉटेलच्या खिडकीतून खालचा बुलेव्हार मोंमार्त्र रंगवत होते, ते असंच. डोळ्यांच्या दुखण्यामुळे त्यांना बाहेर वाऱ्यात उभं राहवत नसे. एका रस्त्याची त्यांनी १४ चित्रं केली. सकाळ, पाऊस, रात्रीचे दिवे. आणि माणूस म्हणजे ब्रशचा एक फटकारा.

ही नजर मुंबईच्या तरुण चित्रकारांपर्यंत पोचली ती आडवाटेनं. जे. जे. स्कूलची शिस्त ब्रिटिश वळणाची, रेखीव. १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांची पत्नी ज्यू, म्हणून दोघं मुंबईला आले. ते 'टाइम्स ऑफ इंडिया'त आर्ट डायरेक्टर झाले. नेपियन सी रोडवरच्या त्यांच्या घरी तरुण मंडळी जमायची, युरोपातल्या चित्रांच्या छापील प्रती निरखायची. त्यांत होते सय्यद हैदर रझा.

रझा मंडला जिल्ह्यातले, वडील वनखात्यात. नागपूरला चित्रकला शिकून १९४३ मध्ये मुंबईत आले आणि पोटासाठी फोर्टमधल्या एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत लागले. उरलेल्या वेळात मुंबई रंगवली, जलरंगात. ओल्या रंगात ओला रंग सोडायचा. इमारती विरघळल्यासारख्या, रस्ता चकाकणारा, माणसं दोन-चार ठिपक्यांची. रझा म्हटलं की लोक थेट 'बिंदू'कडे धावतात, ही चित्रं उमेदवारीची समजून. मला ते पटत नाही. कामावरून परतणाऱ्या गर्दीची घाई त्यांत आहे, ती पुढच्या कुठल्याच रझांमध्ये नाही.

१९४७ मध्ये आई गेली, १९४८ मध्ये वडील. फाळणीनंतर भावंडं पाकिस्तानात गेली. रझा राहिले. १९५० मध्ये ते फ्रान्सला गेले, साठ वर्षं तिथे काढली, पण पासपोर्ट भारताचाच ठेवला. आपल्यापैकी अनेकांना यामागची घालमेल सांगायला नको.

पिसारोंच्या पॅरिसमध्ये पोचल्यावर रझांच्या चित्रांतली गर्दी मात्र नाहीशी झाली. १९५१ चं 'ओ द कान्य' पाहा. डोंगरावरची घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत, आणि रस्त्यावर माणूस नाही.