लेकसाइड वे, कील्डर

इंग्लंडच्या नॉर्थंबरलंड परगण्यातील कील्डर जलाशयाला वेढणारी सुमारे ४२ किमी. लांबीची वाट. नॉर्थ टाइन नदीवरील धरणामुळे झालेल्या या जलाशयाचे उद्‌घाटन १९८२ मध्ये झाले. साठवणक्षमतेत तो ब्रिटनमधील सर्वांत मोठा कृत्रिम तलाव आहे. खडी दाबून केलेली ही वाट पादचारी, सायकलस्वार व घोडेस्वार या तिघांनाही खुली आहे. चढ सौम्य, पण वारंवार येतात. त्यामुळे सपाट रस्त्यावरील तेवढ्याच अंतरापेक्षा ही फेरी अधिक दमवते. रुंद, खाचदार टायरांची गिअरची सायकल येथे सोयीची. स्प्रूसच्या दाट लागवडीतून एकाएकी पाणी समोर येते, ती या वाटेची खरी खुमारी. उत्तर तीर निर्जन असल्याने पिण्याचे पाणी व पंक्चरचे साहित्य सोबत न्यावे.