ब्रेक ऑइलमधलं ‘ऑइल’

बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोलीत माझं गॅरेज आहे. बरीच वर्षं झाली, एक पद्मिनी आली होती. चारही चाकं जाम, ड्रम तापून लाल. मास्टर सिलिंडर खोलला, तर आतली रबरं भिजवलेल्या हरभऱ्यासारखी टम्म फुगलेली. मालकाने ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल ओतलं होतं. “ऑइलच टाकायचं असतं ना?” म्हणाला. मला त्याचा राग नाही आला. नावच तसं पडलंय.

आणि ते नाव एके काळी खरं होतं. १९२१ साली अमेरिकेत ड्यूसेनबर्गची गाडी चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक घेऊन आली. माल्कम लॉकहीडची ही करामत. पुढे अशा ब्रेकच्या नळ्यांतून बरीच वर्षं चक्क एरंडेल फिरायचं, अल्कोहोल घालून पातळ केलेलं. त्या काळी रबर झाडाचं. खनिज तेल लागलं की ते फुगायचं, एरंडेलाने मात्र टिकायचं. एवढ्यासाठी ते एरंडेल. पण अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं. लांब उतारावर सारखा ब्रेक दाबला की त्याची वाफ व्हायची आणि वाफ तर दाबली जाते. पेडल थेट तळाला!

म्हणून ग्लायकॉल आलं. ते सहज उकळत नाही, पण हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना निदान २०५ अंशांपर्यंत टिकायला हवं, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ची २३० वरून १५५. आमच्या पावसात पाणी मुरायला वेळ लागत नाही. त्यामुळे घाटात रोज चढउतार करणाऱ्याला मी दोन वर्षांच्या वर जुनं राहू देत नाही. डॉट ३ च्या जागी ४ चालतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते यांच्यात मिसळत नाही, ५.१ पुन्हा ग्लायकॉलचंच. आकड्याला फसू नका, टाकीच्या बुचावर लिहिलेलं वाचा.

त्या पद्मिनीची सगळी रबरं बदलली, नळ्या स्पिरिटने धुतल्या. मग पोऱ्याला पेडलवर बसवून एकेका चाकाची हवा काढली: दाब, धरून ठेव, सोड. शेवटच्या चाकातून बुडबुडा यायचा थांबला, तेव्हा बाहेर अंधार पडला होता. डब्यात थोडं ऑइल उरलं होतं. मालक म्हणाला, “राहू दे, पुढच्या खेपेला होईल.” मी ते ठेवलं नाही. आषाढ लागला होता, आणि डब्याचं सील फुटलेलं होतं.