मुखपृष्ठावरील स्त्री : किर्लोस्करवाडी ते बंगळूर

नियतकालिकांचा इतिहास लिहिताना आपले अभ्यासक संपादकांची धोरणे, गाजलेले वाद आणि कथा-कवितेने घेतलेली वळणे यांची नोंद मोठ्या साक्षेपाने करतात. मुखपृष्ठाकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. ग्रंथालयांतून वर्षाचे अंक एकत्र बांधले जातात तेव्हा पुष्कळदा मुखपृष्ठे काढूनच टाकलेली असतात. वस्तुतः मासिक आपल्या वाचकाला काय समजते, हे मुखपृष्ठाइतके उघडपणे दुसऱ्या कोणत्याही पानावर दिसत नाही. आतला लेख लेखकाचा असतो, मुखपृष्ठ हे मासिकाचे स्वतःचे बोलणे असते. मराठी मुखपृष्ठांवर गेल्या शंभर वर्षांत स्त्रीचे चित्र वारंवार आले. त्या काळात तिच्या जीवनात जे पालट झाले ते या चित्रांत कितपत उमटले, आणि ते कोणाच्या दृष्टीने पाहिले गेले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

छापील चित्रातील स्त्री मराठी घरात आली ती मासिकांच्या आधीच. राजा रविवर्म्यांचे मुद्रणालय १८९४ साली मुंबईत निघाले, आणि त्यांच्या रंगीत शिळाछापांनी लक्ष्मी-सरस्वतीपासून दमयंती-शकुंतलेपर्यंतच्या स्त्रिया भिंतीभिंतीवर नेल्या. या देवतांच्या अंगावर महाराष्ट्रीय वळणाची साडी आली, त्यामुळे घरातली स्त्री आणि चित्रातली देवी यांच्यातील अंतर एका बाजूने कमी झाले. पण ही चित्रातली स्त्री बहुधा स्थिर आहे. ती वाट पाहते, ऐकते, आशीर्वाद देते. का. र. मित्र यांचे 'मनोरंजन' १८९५ मध्ये सुरू झाले आणि १९०९ मध्ये त्याचा पहिला दिवाळी अंक निघाला, त्या वेळी वाचकाचा डोळा या चित्रांवरच तयार झालेला होता.

या परंपरेला छेद गेला तो एका कारखान्याच्या आवारातून, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. औंध संस्थानातील किर्लोस्करवाडी १९१० साली वसली. तेथील नांगरांची व यंत्रांची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवावी म्हणून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाली, आणि तिच्यातूनच पुढे 'किर्लोस्कर' हे मासिक उभे राहिले. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पुतणे शंकरराव हे त्याचे संपादक. ते स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते, त्यामुळे चित्राला त्यांच्या संपादनात केवळ सजावटीचे स्थान राहिले नाही. १९३० साली त्यांनी 'स्त्री' सुरू केले आणि १९३४ साली 'मनोहर'. या मासिकांनी जी स्त्री पुढे आणली ती शिकणारी, वाचणारी, घराबाहेर पडणारी, खेळाची आणि प्रवासाची हौस असणारी होती. नऊवारीची जागा पाचवारी घेऊ लागली, तो सामाजिक बदलही चित्रांतून दिसू लागला. रविवर्म्यांची स्त्री कोणाची तरी वाट पाहत होती. ही नवी स्त्री आपल्या कामात आहे. हा फरक सामान्य नव्हे. ज्या घरात मुलीच्या शिक्षणाचा वाद अजून मिटलेला नव्हता, त्या घराच्या ओसरीवर असे मासिक पडलेले असणे हीच त्या काळी एक भूमिका होती.

तरीही या चित्राची मर्यादा सांगितली पाहिजे. 'स्त्री' हे स्त्रियांसाठी निघालेले मासिक एका सुधारणावादी पुरुषाच्या कल्पनेतून निघाले होते. त्यातील नवी स्त्री ही बरीचशी सुधारकाला हवी असलेली स्त्री होती : सुशिक्षित पण गृहदक्ष, धीट पण मर्यादशील. नव्या भूमिका तिच्याकडे आल्या, जुन्या एकही कमी झाल्या नाहीत. शिवाय चित्र काढणारा हातही बहुतेक वेळा पुरुषाचाच होता. अंबिका धुरंधर यांनी १९३१ साली सर जे. जे. कलाशाळेची पदविका मिळविली; म्हणजे शिकलेल्या चित्रकर्त्री नव्हत्या असे नाही. परंतु मुखपृष्ठाच्या व्यवसायात स्त्रीने स्त्रीचे चित्र काढावे, असा प्रघात काही पडला नाही.

याच काळातील दुसरे एक मासिक या प्रश्नावर निराळाच प्रकाश टाकते. र. धों. कर्वे यांनी १९२७ च्या जुलैमध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केले आणि १९५३ मध्ये आपला अंत होईपर्यंत ते एकहाती चालविले. संततिनियमन, लैंगिक आरोग्य आणि स्त्रीचा कामजीवनावरील हक्क हे त्याचे विषय; आणि मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र. मानवी देहात स्वभावतः अश्लील असे काही नाही, हे कर्व्यांचे मत होते, आणि ते मत मुखपृष्ठावरच मांडण्याचा निर्भयपणा त्यांच्याजवळ होता. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३१ चा खटला 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखाबद्दल होता. १९३४ चा खटला वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांबद्दल होता, आणि त्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. दोन्ही वेळा कर्व्यांना दंड झाला. आता या दोन खटल्यांचे निमित्त पाहावे. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्री उघड दिसत होती. न्यायासनासमोर गेली ती मात्र आतली अक्षरे. स्त्रीचा देह दाखविणे समाजाला नाक मुरडत का होईना सोसवत होते. त्या देहाविषयी प्रश्न विचारला जावा आणि त्याला सरळ उत्तर मिळावे, हे सोसवत नव्हते.

स्वातंत्र्याच्या सुमारास मराठी मुखपृष्ठाची सूत्रे दोन समर्थ चित्रकारांच्या हाती आली. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) हे दोघेही मूळचे गोमंतकीय. दलालांची 'दीपावली' १९४५ साली निघाली. मुळगावकरांनी 'रत्नप्रभा' काढली. दलालांची रेषेवरील हुकमत आणि मुळगावकरांच्या रंगांतील तुकतुकीत गोडवा यांनी दिवाळी अंकाला घरातल्या सणाच्या खरेदीत स्थान मिळवून दिले. ही चित्रे मासिकापासून सुटी होऊन चौकटीत बसली आणि भिंतीवर गेली. मराठी मध्यमवर्गाला चित्र पाहण्याची गोडी त्यांनी लावली, हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु त्या चित्रांतील स्त्री पुन्हा थांबलेली आहे. तिच्या हाती दिवा आहे, केसांत गजरा आहे, आणि तिची मान पाहणाऱ्याला सोयीची होईल अशी वळलेली आहे. याच वर्षांत घटनेने स्त्री-पुरुष समतेचा हक्क दिला, १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा झाला, १९५६ मध्ये वारसा कायदा झाला. मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांतून आणि शाळांतून स्त्रिया नोकरी करू लागल्या. या नोकरदार स्त्रीची घुसमट आतल्या कथांतून येत होती, आणि त्याच अंकाच्या दर्शनी पानावर तिची थोरली बहीण शोभावी अशी निश्चिंत सुंदरी उभी होती. या विसंगतीचा दोष एकट्या चित्रकाराच्या माथी मारता येणार नाही. दिवाळी अंक वर्षातून एकदा, सगळ्या घरासाठी घेतला जाई. त्याचे मुखपृष्ठ आजोबांपासून सुनेपर्यंत कोणालाही न खुपणारे असणे हा व्यवहार होता. कुटुंबाच्या पैशाने घेतलेल्या अंकावर कुटुंबाला रुचणारीच स्त्री आली.

या व्यवहाराला खरे आव्हान मिळाले ते स्त्रिया संपादनात आल्यावर. विद्या बाळ १९६४ साली 'स्त्री'मध्ये दाखल झाल्या आणि १९८३ ते १९८६ या काळात त्या मासिकाच्या संपादक होत्या. मधल्या काळात १९७५ चे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष येऊन गेले होते आणि महाराष्ट्रात स्त्रीमुक्तीच्या चळवळीने मूळ धरले होते. १९८९ मध्ये विद्याताईंनी 'मिळून साऱ्याजणी' सुरू केले. 'स्त्री' या एकवचनी, काहीशा आदर्शवाचक नावाकडून 'साऱ्याजणी' या अनेकवचनाकडे झालेला हा प्रवास मुखपृष्ठाच्या इतिहासातही अर्थपूर्ण आहे. साऱ्याजणी म्हटल्यावर एक नमुनेदार चेहरा सर्वांच्या वतीने उभा करता येत नाही.

मात्र त्याच वेळी इंग्रजी मासिकांच्या दालनात उलट दिशेची वाटचाल पूर्ण होत आली होती. मुंबईहून १९५९ मध्ये निघालेल्या 'फेमिना'ने १९६४ पासून सौंदर्यस्पर्धा भरविण्यास प्रारंभ केला. येथे मासिक मुखपृष्ठासाठी चेहरा शोधत नाही, ते चेहरा घडविते आणि त्याला मुकुट चढविते. १९९४ साली सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांना जागतिक किताब मिळाले, आणि दोनच वर्षांनी, २३ नोव्हेंबर १९९६ रोजी, बंगळूरच्या चिन्नास्वामी क्रीडांगणावर जागतिक सुंदरीची स्पर्धा भरली. ज्या शहरात आर. कल्याणम्मांनी 'सरस्वती' हे स्त्रियांचे कन्नड मासिक वर्षानुवर्षे स्वतः संपादित केले होते, त्याच शहरात मुखपृष्ठावरील स्त्री जणू पान सोडून रंगमंचावर उतरली. तिला प्रखर विरोध झाला. विरोधकांत संस्कृतिरक्षक होते, डावे होते, शेतकऱ्यांचे गट होते आणि स्त्रीमुक्तीवादी संघटनाही होत्या. अखेर पोहण्याच्या पोशाखातील फेरी सेशेल्स बेटांवर हलवून आयोजकांनी तडजोड साधली.

ही तडजोड १९३१ च्या खटल्याशेजारी ठेवून पाहावी. बंगळूरच्या विरोधकांत दोन सर्वस्वी भिन्न आक्षेप एकत्र आले होते. एकांचे म्हणणे, स्त्रीने अंग झाकावे; दुसऱ्यांचे म्हणणे, स्त्रीच्या देहाचे मोल बाजाराने ठरवू नये. सेशेल्सच्या तोडग्याने पहिल्या आक्षेपाचे काहीसे समाधान झाले, दुसऱ्याला उत्तरच मिळाले नाही. वस्त्राचा प्रश्न बेटावर पाठविता आला. मोलाचा प्रश्न क्रीडांगणावरच राहिला. कर्व्यांच्या काळी समाजाने चित्राकडे कानाडोळा करून प्रश्नाला शिक्षा केली. बंगळुरात चित्राविषयी एवढा गलबला झाला की प्रश्न ऐकूच आला नाही.

म्हणून मुखपृष्ठावरील स्त्रीचे मूल्यमापन करताना तिच्या अंगावर किती वस्त्र आहे, किंवा तिच्या हाती दिवा आहे की टंकलेखनयंत्र, एवढ्यावर थांबणे पुरेसे नाही. सुधारकाची वाचणारी मुलगी आणि दलालांची दीपधारिणी या दोघीही कोणीतरी दुसऱ्याने ठरविलेल्या होत्या. पहिलीला निदान आपले काम होते, हा तिचा विशेष. चित्र कोणी काढले, अंक कोणाच्या पैशाने घेतला गेला, आणि चित्रातील स्त्री कशात तरी गुंतलेली आहे की केवळ पाहिली जाण्यासाठी उभी आहे, हे तीन प्रश्न विचारले तर कथा-कादंबऱ्यांतून न सापडणारा सामाजिक इतिहास या रंगीत पानांतून हाती लागेल. त्यासाठी ही पाने आधी शिल्लक राहिली पाहिजेत. अंक बांधताना मुखपृष्ठे काढून टाकणारी कात्री ग्रंथालयांनी बाजूला ठेवली, तर पुढच्या अभ्यासकावर तो मोठाच उपकार होईल.