कोंबडा की कोंबडी?

विंचूर आणि विचुंबे यांत फरक म्हटला तर एका अनुस्वाराचा. तो एक घर पुढे सरकला की माणूस निफाड तालुक्यातून थेट पनवेलला येऊन आदळतो. विंचूरला सरकारनं वाइन पार्क काढलं. विचुंब्याला आमची सोसायटी आहे, आणि तिच्या टँकरचा हिशेब ठेवायला बी. कॉम. झालेला मी आहे. म्हणजे द्रवपदार्थांशी संबंध दोन्ही गावांचा आहेच.

तर नाशिककडच्या शाखेत बदलून गेलेल्या एका जुन्या सहकाऱ्यानं फोन केला, "ये एकदा इकडे. वाइन टेस्टिंगला जाऊ." मी सौ.कडे पाहिलं. "नुसती चव घ्यायची असते. मग थुंकून टाकायची," मी खुलासा केला. "त्यासाठी नाशिकला कशाला जायचं? थुंकणारे आपल्या जिन्यातही आहेत," सौ. म्हणाली. तरी परवानगी मिळाली.

एका वाइनरीत आम्हां दहाबारा जणांना ओळीनं उभं केलं. समोर प्रत्येकी चार ग्लास, प्रत्येकात बुडाला जेमतेम दोन चमचे वाइन. एवढ्यात तर आमच्या घरी तीर्थ देतात. मार्गदर्शक मुलगी चुणचुणीत होती. ती म्हणाली, "आधी रंग बघा, मग ग्लास फिरवा, मग नाक आत घाला." मी ग्लास फिरवला. निम्मी वाइन शर्टावर आली. उरलेल्या निम्मीत नाक घातलं.

"काय जाणवतंय, सर?"

सर गप्प. शेजारचे गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, "वाइल्ड बेरीज. ब्लॅकबेरी. मागून थोडी रासबेरी." मुलगी खूश झाली. आता ब्लॅकबेरी मी पाहिली होती, पण ती आमच्या रीजनल मॅनेजरांच्या हातात, आणि तिला बटणं होती. रासबेरी म्हणजे इराण्याकडचा लालभडक सोडा. महाबळेश्वरला खरी मिळते, पण तिथे मी लग्नानंतर लगेच गेलो होतो. तेव्हा लक्ष फळांकडे नव्हतं.

पण वास मात्र ओळखीचा होता. फार ओळखीचा. खाते क्रमांक आठवतो आणि खातेदाराचं नाव आठवत नाही, तसं झालं. आणि एकदम तोंडातून निघून गेलं, "करवंद!"

सगळे हसले. मुलगी सौजन्यानं म्हणाली, "सर, ते आपल्या चार्टमध्ये नाहीये."

चार्टमध्ये नाही! बँकेतल्या माणसाला हे वाक्य फार लागतं. आम्ही गिऱ्हाइकांना ते रोज ऐकवतो. आम्हांला कुणी ऐकवलेलं नसतं. परत आलो आणि सवयीप्रमाणे जुन्या खतावण्या काढल्या. हा चार्ट आला कुठून आणि त्यात आमचं खातं का नाही, हे पाहू या म्हटलं.

सर्वांत जुनी नोंद कौटिल्याकडे निघाली. त्याच्या अर्थशास्त्रात दारूखात्यावर सुराध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे. मद्यांचे सहा प्रकार दिले आहेत. त्यांतल्या द्राक्षांच्या मद्याला तो 'मधु' म्हणतो आणि त्याच्या दोन जाती सांगतो : कापिशायन आणि हारहूरक. ही प्रदेशांवरून पडलेली नावं. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातला काबूलजवळचा मुलूख. म्हणजे बाटलीवर गावाचं नाव लावून ऐट करण्याची पद्धत फ्रेंचांनी शोधली, हा समज काढून टाकायला हरकत नाही. आणि 'आसव' कशाचं? तर कवठाचं! पुढे फाणित म्हणजे काकवी, आणि मध. कौटिल्याच्या चार्टमध्ये कवठ होतं, हे वाचून मला निम्मा न्याय मिळाला.

दुसरी नोंद परदेशी. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या 'पेरिप्लस' या पुस्तकात भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत वाइन आहे आणि गिऱ्हाइकांची पसंती इटलीच्या मालाला, असा शेराही आहे. 'फॉरिन'ची ओढ दोन हजार वर्षांची आहे तर! असल्या सुरयांचे तुकडे नेवाशाच्या उत्खननात निघाले आणि आमच्या उरणसमोरच्या घारापुरीतही मिळाले. तेव्हाही कुणीतरी ग्लासात नाक घालून "वा!" म्हणालं असेल. कशाचा वास येतो म्हणाला, ते मात्र खापरावर उमटत नाही.

मधली पानं आपल्याकडे द्राक्षांची नाहीत, मोहाची आहेत. एकोणिसाव्या शतकात मुंबईची तहान भागवायला उरणला मोहाच्या दारूच्या मोठमोठ्या भट्ट्या होत्या, बहुतेक पारशी मालकांच्या. आदिवासी आपली दारू आपल्या पाड्यावर गाळत, ती सरकारच्या महसुलाला खुपली. म्हणून १८९२ साली कायदा करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं जमवण्या-बाळगण्यावरच बंधनं घातली. आमचं पनवेल तेव्हा कुलाब्यातच. झाडावरून आपसूक पडणारं फूल, पण ते उचलायला सरकारला विचारा! जंगलाचा वास चार्टमधून खोडायला सुरुवात झाली ती अशी.

मग स्वराज्य आलं आणि १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा आला. 'परमिट रूम' हा शब्द त्याच घराण्यातला. त्या काळात आमच्या घरच्या एका वडीलधाऱ्यांची तब्येत रोज रात्री नाजूक होई आणि त्यांना द्राक्षासव लागे. द्राक्षासवात मद्यार्क आंबण्यातून आपोआप तयार होतो, आणि ते औषध असल्यामुळे सोवळ्यात चालतं.

आजची वाइन आपल्याकडे रुजली ती ऐंशीच्या दशकात, नारायणगावला. शामराव चौगुल्यांनी फ्रेंच जाणकारांच्या मदतीनं फेसाळती वाइन काढली आणि 'ओमर खय्याम' नावानं थेट परदेशी पाठवली. पुढे राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून नाशिकला आले. २००० साली 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आली. २००१ साली सरकारनं द्राक्ष-प्रक्रियेचं धोरण आखलं आणि विंचूरला व पलूसला वाइन पार्कं निघाली. २०२२च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाइन ठेवायचं ठरवलं, तेव्हा वाइन ही दारू की फळांचा रस, यावर आमच्या शाखेत आठवडाभर काउंटर बंद पडायची वेळ आली होती.

आणि तो चार्ट? त्याचं मूळ १९८४ सालचं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत अ‍ॅन नोबल नावाच्या बाई होत्या. वाइनबद्दल लोक वाटेल ते बोलतात, त्याला शिस्त लावावी म्हणून त्यांनी वासांचं एक चाक बनवलं. त्यात बेरीचं एक घर आहे : ब्लॅकबेरी, रासबेरी, स्ट्रॉबेरी, ब्लॅककरंट. बाईंची चूक काहीच नाही. त्यांच्या कुंपणावर जे उगवत होतं, ते त्यांनी लिहिलं. चूक आमची. आम्ही त्यांच्या कुंपणावरची फळं पाठ केली.

बरं, वाइनमध्ये यातलं एकही फळ नसतं. द्राक्षाची साखर यीस्ट खातं, तिचा मद्यार्क होतो, आणि त्या गडबडीत एस्टर नावाची सुवासिक द्रव्यं तयार होतात. तसलीच द्रव्यं इतर फळांतही असतात. म्हणून नाकाला फळ आठवतं. आठवतं, एवढंच. आणि आठवण्यावर डोळ्यांचीही दादागिरी चालते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोच्या एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बिनवासाच्या लाल रंगात रंगवून दिली. पठ्ठ्यांनी तिच्यात लाल वाइनचे सगळे वास हुंगून काढले! तेव्हा माझ्या शेजारच्या त्या गृहस्थांना मी माफ केलं.

वनस्पतिशास्त्रानं तर कहरच केला. शास्त्राच्या व्याख्येत ब्लॅकबेरी, रासबेरी, स्ट्रॉबेरी या 'बेरी' नव्हेतच. द्राक्ष बेरी आहे. जांभूळ बेरी आहे. आणि वाचकहो, करवंद ही अस्सल बेरी आहे! त्या चार्टवर ज्यांची खाती आहेत त्यांची कागदपत्रं खोटी, आणि ज्याचे कागद चोख, तो रांगेबाहेर.

या भरात मी नाशिकहून आणलेली बाटली घरी उघडली. आई कोचावर वाती वळत बसली होती. आई माळकरी. पिण्याचा प्रश्नच नाही. पण हल्ली तिला बरंच काही आठवत नाही, म्हणून मी नुसता ग्लास तिच्या नाकाशी धरला. सौ. "अहो, अहो!" करीत धावली.

आईनं डोळे मिटले. ग्लास तिनं फिरवला नाही.

"करवंदीची जाळी," ती म्हणाली. "कर्नाळ्याच्या अंगाला. पहिला पाऊस पडून गेलेला." मग थोड्या वेळानं, "मिळतात का रे अजून?"

मला उत्तर देता येईना. पूर्वी मे महिना लागला की कातकरणी पाटीत करवंदं घेऊन दारावर यायच्या, पानाच्या द्रोणात मोजून द्यायच्या. आता दारावर वॉचमन आहे, आणि माळावर टॉवर. माझी धाकटी मध्येच म्हणाली, "आजी, करवंद म्हणजे ब्लूबेरीसारखं असतं का?" ब्लूबेरी तिला ठाऊक आहे. ती मॉलमध्ये डबीत मिळते.

तेव्हा मला कळलं, की त्या दिवशी हसण्यावारी गेलं ते काही माझं एकट्याचं नाक नव्हतं. जिभेवरून फळ गेलं की नाकातलं नाव जातं. आणि नाव गेलं, की ग्लासात करवंद असलं तरी माणूस त्याला ब्लॅकबेरी म्हणतो.

या मे महिन्यात रजा टाकून पनवेलच्या बाजारात तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत एक म्हातारी पाटी घेऊन बसलेली सापडली. भाव न करता घेतली. बँकेतल्या नोकरीत हा प्रकार पहिलाच.

घरी सगळ्यांना समोर बसवलं. धाकटीनं एक उचललं, चिकट बोटांकडे पाहून तोंड वाकडं केलं. आई पुढे सरकली. "अशी नाही खायची. आधी सांग, कोंबडा की कोंबडी?"

"म्हणजे?"

"आतून लाल निघालं तर कोंबडा. पांढरं निघालं तर कोंबडी."

दोन हजार वर्षांच्या माझ्या खतावणीत लाल आणि पांढऱ्याची इतकी सोपी वर्गवारी सापडली नव्हती. धाकटीनं डोळे मिटले, "कोंबडा!" म्हणाली आणि चावलं.

कोंबडाच निघाला. थुंकलं फक्त बी.